पंधरा वर्षांची पिकअप: भंगार की फिटनेस?

आजचा भाग जुन्या पिकअपवर. आपल्या परभणीकडं प्रत्येक गावात अशी एक तरी गाडी असते बघा. लिंबाखाली उभी, टायर बसलेले, हौद्यात कोंबड्या. मालक रोज तिच्याकडं बघतो आणि रोज एकच प्रश्न विचारतो, "ही परत चालू होईल का, का देऊन टाकू भंगारात?"

आमच्या घरी मानवत तालुक्यात हाच प्रश्न होता. २००९ ची टाटा २०७ डीआय, दोन पावसाळे एका जागी उभी. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, मिस्त्री नाही. पण मागच्या वर्षी सात महिने, जमेल तसे शनिवार-रविवार आणि घरून कामाचे आठवडे धरून, बाबा आणि मी मिळून ती रस्त्यावर आणली. त्यात जे कळलं ते आज सांगतो. घरी काय करता येतं, काय करूच नये, आणि पैसे टाकायच्या आधी काय बघायचं.

सुरुवात एका गैरसमजापासून, कारण त्याच्यामुळं चांगल्या गाड्या किलोच्या भावानं जातात. "पंधरा वर्षं झाली की गाडी बंद" असा सरसकट नियम महाराष्ट्रात तुमच्या-आमच्या गाडीला नाही. ही गोष्ट आली दिल्ली-एनसीआरच्या आदेशांमधून, तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा प्रश्न होता. दुसरा नियम सरकारी गाड्यांचा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं ओलांडलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढं चालू राहत नाही. पिवळ्या पाटीच्या मालवाहू पिकअपचं नशीब ठरतं ते फिटनेस सर्टिफिकेटवर. नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत ते दोन-दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी गाडी दाखवावी लागते. पास झाली तर चालते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी असेल तर पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, एका वेळी पाच वर्षांसाठी.

आता यात मेख आहे. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेस फी २०२२ पासून बरीच वाढली. शिवाय महाराष्ट्रात २०१० पासून आठ वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांना पर्यावरण कर आहे. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी परिवहनच्या पोर्टलवर आपल्या गाडीचा नंबर टाकून आजची फी, थकलेला कर, विमा, चलन हे सगळं बघून घ्या. कागदावरचं देणंच गाडीच्या किमतीएवढं निघालं तर पुढचं सगळं ऐकून उपयोग नाही.

थोडं गाडीच्या घराण्याबद्दल

आपल्याकडं कुठल्याही मालवाहू गाडीला "टेम्पो" म्हणतात. हा शब्द मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीचा ब्रँड. तिच्यासोबतच्या करारातून बजाज टेम्पो उभी राहिली, आणि ब्रँडचं नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसलं. कंपनीनं २००५ मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं तरी बाजार समितीत हाक "ए टेम्पोवाले" अशीच येते. महिंद्राची सुरुवात मुंबईत विलिस जीप जोडण्यापासून झाली. आणि टाटाची, म्हणजे तेव्हाच्या टेल्कोची, टाटामोबाइल ही पिकअप आली १९८८ मध्ये, पुण्यातून. त्याच पायावर पुढं सिएरा आणि सुमो आल्या. २०७ हीसुद्धा त्याच घराण्यातली.

इंजिनवर ४९७ असा आकडा असतो. मला असे आकडे सोडवल्याशिवाय झोप येत नाही. ४ म्हणजे चार सिलेंडर, ९७ म्हणजे सिलेंडरचा व्यास ९७ मिमी. पिस्टनचा प्रवास १०० मिमी. गुणाकार करून बघा, बरोबर २९५६ सीसी येतात, जे आरसीवर छापलेले आहेत. मोठ्या ट्रकातलं ६९७ तसंच, सहा सिलेंडर आणि व्यास तोच. हे फक्त मजेसाठी नाही सांगत. जुन्या गाडीत आधीच्या मालकानं इंजिन बदललेलं असू शकतं. इंजिनवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळत नसेल, तर ते आरटीओत नोंदवलेलं आहे का हे आधी तपासा. चेसिस नंबरचंही तसंच. चेसिसचा नंबर गंजून वाचता येईना, तर गाडी कितीही गोड चालली तरी तपासणीत अडकते.

आणखी एक स्थानिक गोष्ट. एमएच २२ म्हणजे परभणी, पण हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. त्याच्या आधीच्या हिंगोली-वसमतकडच्या गाड्याही एमएच २२ च. जुनी गाडी विकत घेताना पाटीवरून "लोकल आहे" असं धरून चालू नका.

आधी हातोडी, मग पाना

इंजिन दुरुस्त होतं. क्राउन, गिअरबॉक्स, सगळं दुरुस्त होतं किंवा जुन्या बाजारात मिळतं. चेसिस कुजली की खेळ संपला. म्हणून पहिला दिवस फक्त गंज शोधण्यात घालवा.

आपल्याकडं गंजाची दोन खास कारणं आहेत. एक, काळी माती. ही माती पाणी पिते, फुगते आणि वाळली की सिमेंटसारखी चिकटून बसते. चेसिसच्या आतल्या खोबणीत, मागच्या पाट्यांच्या हँगरमागं, केबिनच्या खालच्या कोपऱ्यात ती वर्षानुवर्षं बसलेली असते. वरून गाडी कोरडी, आत माती ओली. दुसरं कारण खत. युरिया, पोटॅश, डीएपीच्या फाटक्या गोण्यांतून सांडलेलं खत हौद्याच्या फटीतून खाली जातं. ही सगळी खतं हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पत्र्याला खातात. पोटॅशमध्ये तर क्लोराइड असतं, म्हणजे समुद्रकाठच्या खाऱ्या हवेचा परिणाम आपण मानवतमध्ये गोण्या भरून आणतो.

करायचं काय? पाण्याचा जोरदार फवारा मारून खालचा भाग धुवा, दोन दिवस वाळू द्या. मग लहान हातोडीनं चेसिस वाजवत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं. कुजलेलं भद्द आवाज करतं आणि पापुद्रे पडतात. पेचकस घेऊन टोचा. केबिनची जमीन, बॅटरीखालचा पत्रा, हौद्याचा तळ इथं भोक पडलं तर घाबरू नका, ते पत्र्याचं काम आहे. पण चेसिसच्या मुख्य दांड्यात, विशेषतः पाटे जिथं लटकतात तिथं पेचकस आत गेला, तर माझं मत स्पष्ट आहे: गाडी सोडून द्या. चेसिसवर घरी पट्टी मारून वेल्डिंग करणारे भेटतात. टनभर माल घेऊन चाललेल्या गाडीचा पाटा तुटला की ती कुठल्या बाजूला जाईल हे ड्रायव्हरच्या हातात राहत नाही.

आमच्या गाडीची चेसिस ठणठणीत निघाली. केबिन जिथं चेसिसवर बसते ते डावीकडचं बूड आणि हौद्याचा अर्धा तळ गेलेला होता. तो पत्रा गावातच बदलून घेतला. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, आणि डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवली. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक.

खाली जाताना

हा भाग मी मुद्दाम वेगळा बोलतोय. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. कधीच नाही. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. आत तेलाची एक वायसर असते, ती फुटली की गाडी कुठलीही सूचना न देता खाली येते. गाडी उचलली की चेसिसखाली लोखंडी घोड्या लावा, दोन्ही बाजूंनी. आणि काळ्या मातीवर घोडी लावायची असेल तर खाली जाड सागवानी फळी किंवा लोखंडी प्लेट ठेवा, नाहीतर घोडीच जमिनीत घुसते. विटा आणि दगड चालत नाहीत, वीट दाबाखाली अचानक फुटते. उरलेल्या चाकांना पुढून-मागून ओंडके. गाडी घोडीवर बसली की हातानं जोरात हलवून बघा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे.

एकटं असताना खाली जायचं नाही, हा आमच्या घरात आईनं केलेला नियम. तो सगळ्यांनी उचलावा.

दोन वर्षांनी किल्ली फिरवण्याआधी

बॅटरी आणली, किल्ली फिरवली, चालू झाली. मोबाइलवर असे व्हिडिओ भरपूर आहेत. करू नका तसं.

पहिली गोष्ट टाकी. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं पाणी सुटतं, आणि डिझेलपेक्षा जड असल्यामुळं तळाला बसतं. डिझेल आणि पाणी जिथं भेटतात तिथं सूक्ष्मजीव वाढतात. काळा, शेवाळासारखा चिकट गाळ होतो. तो फिल्टर चोंदवतो, आणि फिल्टर फाटला तर पुढं पंपात जातो. टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, दोन्ही फिल्टर नवे टाका.

दुसरी गोष्ट, इंजिन ऑइल बदला. जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो. तिसरी, इंजिन हातानं फिरवून बघा. पुढच्या पुलीच्या बोल्टवर मोठी गोटी लावून सावकाश दोन पूर्ण फेरे. अडलं तर जोर करू नका. नोझल काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि एक रात्र थांबा. रिंगा चिकटलेल्या असतील तर बऱ्याचदा सुटतात. आणि हो, एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. आमच्यात उंदरानं कापसाचं घर केलं होतं. सरकीसकट.

मग येतं एअर काढणं. हे समजून घेण्यासारखं आहे, कारण डिझेलचं सगळं शास्त्र यात आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते. डिझेलमध्ये नसते. पिस्टन हवेला सतरा-अठरा पट दाबतो, हवा पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्यात नोझल डिझेलची बारीक फवारणी करतं. ते आपोआप पेटतं. पण त्या नोझलचं तोंड उघडायला सुमारे २०० बार दाब लागतो. कारच्या टायरात असतो दोन-अडीच बार, त्यावरून अंदाज करा. डिझेल दाबलं जात नाही, म्हणून पंपाचा धक्का थेट नोझलपर्यंत पोचतो. मध्ये हवेचा बुडबुडा असला की पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो, नोझल उघडतच नाही. सेल्फ फिरतोय, धूरसुद्धा निघत नाही, याचं पहिलं कारण हेच. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हातपंप मारत राहा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग नोझलच्या पाइपचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा, तिथली हवा काढा.

इथं एक इशारा. चालू इंजिनात नोझलच्या किंवा गळक्या हाय प्रेशर पाइपच्या पुढं बोट धरून "डिझेल येतंय का" बघायचं नाही. त्या दाबाची फवारणी कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण आत डिझेल पसरलेलं असतं आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागू शकते. असं कुणाला झालं तर मलम लावत बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात.

पंप मात्र घरी उघडायचा नाही. आपल्याकडं अजूनही जुने लोक "मायको पंप" म्हणतात, बेंगळुरूची मायको २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली तरी. त्याचं काम टेस्ट बेंचवर होतं, प्रत्येक सिलेंडरला किती डिझेल जातं ते मोजून. परभणीत पंप-नोझलवाले आहेत, त्यांच्याकडं उतरवून न्या. "पंप थोडा वाढवून देतो, पिकअप येईल" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. जास्त डिझेल म्हणजे काळा धूर, तापलेलं इंजिन आणि पीयूसीला नापास.

चालू झाल्यावर धूर वाचायला शिका. सकाळी सुरुवातीचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, तापल्यावर जायला हवा. तापूनही पांढरा आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडं बघा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि त्यात सगळ्यात स्वस्त उपाय आधी करायचा: एअर फिल्टर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परत बघा. कोडमधला बग शोधताना पाच ठिकाणी बदल केले की काय होतं ते आमच्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको.

४५ अंश आणि बोअरचं पाणी

मे महिन्यात परभणीचं ऊन म्हणजे काय हे वेगळं सांगत नाही. गाड्या तापतात. पण खरं कारण बहुतेक वेळा ऊन नसतं, बोअरचं पाणी असतं. आपलं बोअरचं पाणी जड. घरच्या हिटरच्या कॉइलवर जसा पांढरा थर बसतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या आत बसतो. तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आमचा रेडिएटर उघडला तेव्हा जवळपास एक तृतीयांश नळ्या बंद होत्या. रेडिएटरवाल्याकडून साफ करून घेतला, आणि आता त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात.

थर्मोस्टॅट हा आमच्या भागातला छळलेला पार्ट आहे. गाडी तापली की मिस्त्री पहिल्यांदा तोच काढून फेकतो. "आपल्याकडं याचं काय काम? हे थंडीवाल्यांसाठी हाय." आमच्याही गाडीतला असाच कुणीतरी काढलेला होता. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट तापायला खूप वेळ घेतं, थंड इंजिनात ऑइल जाड, डिझेल अर्धवट जळतं, ऍव्हरेज पडतं, झीज वाढते. तो खराब असेल तर नवा बसवा. तपासायचा असेल तर पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा, उकळायच्या आधी उघडताना दिसतो. पातेलं मात्र परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

आणि रेडिएटरचं झाकण. हे साधं झाकण नाही, प्रेशर कुकरची शिट्टी आहे. आत एक बार जादा दाब असेल तर पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की हा फायदा गेला. आणि म्हणूनच तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं की तोंडावर वाफ येते. थांबा अर्धा तास. टपरीवर चहा घ्या.

ब्रेक

पैसे कमी असतील तर रंग सोडा, सीट सोडा, टेप सोडा. ब्रेक सोडू नका.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. नवं डॉट-३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यालेलं १४० लाच. सपाट रस्त्यावर फरक कळत नाही. जिंतूरकडं चढ-उताराच्या रस्त्यावर माल भरून उतरताना ड्रम तापले, ऑइल उकळलं, वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं. वाफ दाबली जाते, ऑइल दबत नाही, तेच मघाचं एअरचं गणित. दोन वर्षांत एकदा सगळं ऑइल बदला. आणि ऑइल संपलं म्हणून डब्यात इंजिन ऑइल ओतणारे महाभाग आहेत. त्यानं आतल्या सगळ्या रबरी वायसरी फुगतात आणि मास्टर सिलेंडरपासून चाकापर्यंत सगळं बदलावं लागतं.

बाबा म्हणायचे, "हिचा ब्रेक दुसऱ्यांदा मारला की लागतो." ही सवय नाही, लक्षण आहे. पहिल्यांदा खोल जातो आणि दोनदा मारल्यावर वर येतो, तर मागच्या ड्रममधले लायनर झिजलेत किंवा सेटिंग सैल आहे, नाहीतर लाइनीत हवा आहे. पाय दाबून ठेवला आणि पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टर सिलेंडर आतून गळतोय. बाहेर थेंबही दिसत नाही, पण गळतोय. आमच्या गाडीत मागचे दोन्ही व्हील सिलेंडर चिकटलेले होते, आणि डाव्या बाजूचा हबचा ऑइल सील गेल्यामुळं लायनर क्राउनच्या तेलानं भिजलेले. तेल प्यालेला लायनर पेट्रोलनं धुऊन परत लावायचा नसतो, तापला की तेल पुन्हा वर येतं. बदलायचा.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ऍस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसात गेलं की बाहेर येत नाही. पाण्यानं भिजवून पुसा, तोंडाला फडकं नाही, चांगला मास्क.

टायरचं एक वाक्यात सांगतो. कडेला चार आकडे असतात, उदाहरणार्थ ३२१४, म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी उन्हात उभं राहून तडे गेलेलं जुनं टायर मालाच्या गाडीला वापरू नका.

एक पाटा जास्त

पाटेवाल्याकडं गेलो की तो हमखास विचारतो, "एक पाटा जास्त टाकू का? ऊस भरा, काही होत नाही." मोह होतो. पण पाटा वाढवला म्हणजे गाडी बसत नाही एवढंच. ब्रेक तेवढेच, ऍक्सल तेवढाच, बेरिंग तेवढेच. उलट मागची गाडी बसली की आपल्याला कळायचं की माल जास्त झालाय, ती खूणच निघून जाते. आम्ही तुटलेला एक पाटा आणि सगळे बुश बदलले, संख्या कंपनीची तीच ठेवली.

मालाचं वजन डोळ्यानं कळत नाही. कापूस डोंगराएवढा दिसतो पण हलका. त्याचा धोका वजनाचा नाही, उंचीचा, वळणावर गाडी कलते. सोयाबीन उलटं. क्विंटलच्या दहा गोण्या टाकल्या की एक टन झाला, आणि हौदा अजून अर्धा रिकामा दिसतो. मग माणूस म्हणतो टाक अजून पाच. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, वजाबाकी करून तो आकडा दरवाजाच्या आत रंगानं लिहून ठेवा.

वायरिंगला घाबरू नका

मोबाइल पिढीला हे सगळ्यात सोपं जाईल. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या थोडी वर दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. त्याहून कमी म्हणजे डायनामो चार्ज करत नाही, बरंच जास्त म्हणजे बॅटरी शिजतेय. जुन्या गाडीतले अर्धे इलेक्ट्रिकचे आजार अर्थिंगचे असतात. चेसिसला जिथं वायर आवळलेली असते तिथं गंज आणि माती. ब्रेक मारला की इंडिकेटर मंद पेटतो, हेडलाइट पिवळट, सेल्फ सुस्त. बल्ब बदलत बसू नका. बोल्ट काढा, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत करा, परत आवळा, वरून ग्रीस. आमचे मागचे दिवे शून्य रुपयांत असे दुरुस्त झाले.

खर्च आणि पासिंग

आमचा सगळा खर्च ब्याण्णव हजारांच्या आसपास गेला. त्यात सगळ्यात मोठे आकडे चार टायर, पंप-नोझल आणि पत्र्याचं काम. मजुरी आमची फुकट, ती धरली तर हिशेब वेगळा. नवी पिकअप आठ-दहा लाखांच्या घरात, आणि आमचं भाडं वर्षातून चार महिन्यांचं, कापूस-सोयाबीनच्या हंगामापुरतं. बारा महिने रोज दोनशे किलोमीटर चालवायची असेल तर मी जुन्या गाडीचा सल्ला देणार नाही. उभी राहिलेली एक दिवसाची गाडी म्हणजे बुडालेलं भाडं, ते गणित नव्या गाडीच्या हप्त्याच्या बाजूनं जातं.

पासिंगला जाताना रंगाकडं लक्ष द्या. आरसीवर पांढरा आणि तुम्ही हौसेनं निळा मारला, तर आधी आरटीओत बदल नोंदवावा लागतो. आम्ही मूळ पांढराच मारला. लांबी कमी भरली, रेड ऑक्साइड दोन हात, आणि चेसिसला आतून जुनं ऑइल न फासता गंजरोधक. जुनं ऑइल फासायची पद्धत आहे आपल्याकडं, पण त्याला धूळ चिकटते आणि परत तोच मातीचा थर. २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते, तिची अपॉइंटमेंट आधी घ्या. रिफ्लेक्टर टेप, वायपर, हॉर्न, सगळे दिवे, विमा, पीयूसी. फिटनेस संपलेली गाडी "जवळच तर जायचंय" म्हणून बाहेर काढू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

आता रोजचं. सकाळी ऑइलची पट्टी, रेडिएटरचं पाणी, टायर, आणि गाडीखाली रात्रीतून पडलेले थेंब. फिल्टरखालच्या कॉकमधून आठवड्याला एकदा पाणी सोडायचं. हंगामात दर पंधरा दिवसांनी ग्रीस, प्रत्येक निप्पलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. खताची खेप झाली की त्याच संध्याकाळी हौदा धुवायचा. मी याची एक ऑनलाइन शीट बनवली होती, रिमाइंडरसकट. बाबांनी ती एकदाही उघडली नाही. ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं "ऑइल", "ग्रीस" आणि मीटरचा आकडा लिहितात, आणि मी दर महिन्याला त्याचा फोटो मागवून शीट भरतो. चाललंय.

पुढच्या भागात क्लच: प्लेट गेली का नुसती सेटिंग गेली हे गिअरबॉक्स न उतरवता कसं ओळखायचं. तोवर तुमच्या दारातल्या गाडीची चेसिस वाजवून बघा.